अंजू बॉबी जॉर्ज : पॅरिसचं कांस्य मोठं की अथेन्सची ६.८३?

रानवाट

नीरज चोप्राने २०२२ साली युजीनला जागतिक स्पर्धेचं रौप्य जिंकलं, तेव्हा बहुतेक बातम्यांच्या तळाशी एक ओळ होती : याआधी २००३ मध्ये अंजू बॉबी जॉर्जने लांब उडीत कांस्य मिळवलं होतं. एकोणीस वर्षं जागतिक ॲथलेटिक्समध्ये भारताच्या नावावर तेवढं एकच पदक होतं. ते मिळवणाऱ्या बाईची ओळख आपल्याकडे त्या एका ओळीतच आटोपते, हे मला फार लागतं. म्हणून हा धागा.

अंजूचा जन्म १९७७ चा, केरळातल्या चंगनाशेरीजवळच्या चीरंचिरा गावचा. सुरुवात लांब उडीने झालीच नाही. ती हेप्टॅथलॉन करायची, म्हणजे अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक, भालाफेक सगळंच. कोरुथोडच्या शाळेत के. पी. थॉमस सर, पुढे त्रिशूरचं विमला कॉलेज. १९९६ ला दिल्लीत आशियाई ज्युनियर स्पर्धेत लांब उडीचं पदक मिळालं. १९९९ मध्ये तिहेरी उडीचा राष्ट्रीय विक्रम केला. मग घोटा दुखावला आणि सिडनी ऑलिंपिक हातचं गेलं. २००१ मध्ये परत आली ती थेट ६.७४ मीटरचा राष्ट्रीय विक्रम घेऊन. २००२ ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ६.४९ ला कांस्य, त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत ६.५३ ला सुवर्ण.

नवरा रॉबर्ट बॉबी जॉर्ज हाच प्रशिक्षक. तो स्वतः तिहेरी उडीतला राष्ट्रीय विजेता, व्हॉलीबॉलच्या जिमी जॉर्जचा भाऊ. स्वतःची कारकीर्द बाजूला ठेवून तो हिच्या सरावाला लागला. २००३ मध्ये दोघं अमेरिकेत माइक पॉवेलकडे गेले. पॉवेल म्हणजे १९९१ ला टोकियोत ८.९५ मीटर उडी मारून बॉब बीमनचा मेक्सिकोतला ८.९० चा विक्रम मोडणारा माणूस.

त्यानंतर ऑगस्टमध्ये पॅरिसची जागतिक स्पर्धा. युनिस बार्बर ६.९९, तात्याना कोतोवा ६.७४, अंजू ६.७०. रौप्य चार सेंटिमीटरवर होतं.

पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिक. तिथे अंजूने ६.८३ मारली. पॅरिसपेक्षा तेरा सेंटिमीटर जास्त, आयुष्यातली सर्वोत्तम उडी, तीही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. आणि नंबर सहावा. लेबेदेवा ७.०७, सिमागिना आणि कोतोवा दोघी ७.०५, ऑस्ट्रेलियाची ब्रॉन्विन थॉम्प्सन ६.९६, मेरियन जोन्स ६.८५.

माझं मत स्पष्ट आहे. अंजूची सगळ्यात मोठी कामगिरी पॅरिसचं पदक नव्हे, अथेन्सची उडी. आपल्या खेळाडूंची सर्वोत्तम कामगिरी बहुतेक वेळा घरच्या मैदानावर होते आणि परदेशातल्या मोठ्या दिवशी ते त्याच्या बरेच मागे राहतात. हिने सर्वात मोठ्या दिवशी स्वतःचं सर्वात मोठं अंतर गाठलं. ती ६.८३ वीस वर्षांनंतरही राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकून होती.

डोंबिवलीकर

रानवाट, लेख मनापासून आवडला, पण निष्कर्ष पटत नाही.

अंतिम फेरीत प्रश्न 'किती लांब' हा नसतोच, 'कोणाच्या पुढे' हा असतो. पॅरिसला त्या दिवशी जगातल्या फक्त दोघी तिच्या पुढे होत्या. अथेन्सला पाच होत्या. उडी लांब पडली हे खरंच, पण त्या दिवशी स्पर्धेची पातळीही वर गेली होती आणि अंजू तिच्या पुढे जाऊ शकली नाही.

आणखी एक. २००३ च्या आधी भारतीय ॲथलेटिक्सची जागतिक आठवण म्हणजे चौथे नंबर. १९६० ला रोमला मिल्खासिंग चौथे, १९८४ ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी. लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो की आपली माणसं तिथपर्यंत जातात आणि थोडक्यात राहतात. पॅरिसच्या त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी राहिलं नाही. त्याची किंमत सेंटिमीटरमध्ये कशी लावायची?

आकडेमोड

दोघांचं ऐकलं. थोडे आकडे मांडतो.

६.८३ ही उडी त्या काळातल्या इतर मोठ्या स्पर्धांत कुठे बसली असती?

सिडनी २००० : मेरियन जोन्सचा निकाल रद्द झाल्यावर कांस्य कोतोवाकडे गेलं, आणि तिची उडी होती ६.८३.
पॅरिस २००३ : सरळ रौप्य.
हेलसिंकी २००५ जागतिक : टियाना मॅडिसन ६.८९ ला सुवर्ण. कोतोवा बाद झाल्यावर बार्बर ६.७६ ला दुसरी. म्हणजे इथेही रौप्य.
ओसाका २००७ जागतिक : कांस्य ६.९० ला. इथे नाही.
बीजिंग २००८ : मॉरेन मागी ७.०४, ओकाग्बारे ६.९१, आणि लेबेदेवा बाद झाल्यावर चेल्सी हॅमंड ६.७९ ला तिसरी. इथे कांस्य.

अथेन्सची स्पर्धा किती अवघड होती ते यावरून दिसतं. तीन जणी सात मीटरच्या पुढे आणि चौथी ६.९६ ला. मी रानवाटच्या बाजूने.

सातारी मास्तर

आकडेमोड, तक्ता उत्तम आहे, पण एका वर्षाची उडी उचलून दुसऱ्या वर्षीच्या खड्ड्यात टाकता येत नाही. वारा वेगळा, धावपट्टी वेगळी, हवा वेगळी. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपर्यंतचा वारा नियमात बसतो. शून्य वाऱ्यातली उडी आणि पावणेदोनच्या वाऱ्यातली उडी सारखी नसते, कागदावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, पोरापोरींना उडी शिकवण्यात आयुष्य चाललंय. म्हणून उडीच्या आतलं थोडं लिहितो, कारण टीव्हीवर फक्त हवेतला भाग दिसतो आणि उडी तर जमिनीवरच ठरलेली असते.

अठरा-वीस पावलांचा रन-अप असतो. प्रत्येक खेळाडू धावपट्टीच्या कडेला आपली खूण लावतो, कुणी चिकटपट्टी, कुणी चुन्याची रेघ. तिथून सुटायचं आणि शेवटचं पाऊल बरोबर टेक-ऑफच्या पाटीवर पडायला हवं. पाटी रुंदीला २० सेंटिमीटर. आता बघा, अंगात जोर आहे, प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरतायत, त्या भरात प्रत्येक पाऊल दोनच सेंटिमीटर लांब पडलं तर अठरा पावलांत ३६ सेंटिमीटर पुढे. पाटी संपली, लाल झेंडा, म्हणजे फाउल, उडी बाद. उलट, भीतीने पाय आखडला आणि तुम्ही रेषेच्या पंधरा सेंटिमीटर आधी उडालात, तर ते पंधरा गेलेच, कारण मोजमाप रेषेपासूनच होतं.

शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब, त्यात कंबर किंचित खाली येते. शेवटचं पाऊल आखूड आणि चपळ, पंजा पूर्ण आपटून. तिथे वेग न घालवता अंग वर काढायचं. माझ्या मुलींमध्ये दहातल्या आठ जणी शेवटच्या चार पावलांत मान खाली घालून पाटी बघतात. मान खाली गेली की पावलं तुटतात, वेग मरतो. मी त्यांना समोरच्या झाडाचा शेंडा बघायला लावतो. महिनाभर ओरडल्यावर कुठे नजर वर राहते.

खाली पडतानाही तेच. टाचा सात मीटरवर उमटल्या आणि तोल जाऊन हात मागे टेकला, तर मोजणी हाताच्या खुणेपासून. एवढी मेहनत आणि शेवटी वाळूत तळहाताचा ठसा.

हे सगळं सहा उड्यांत साधायचं. पहिल्या तीनमध्ये पहिल्या आठांत आलात तरच पुढच्या तीन. अथेन्सला अंजूने ते साधलं. मी अथेन्सच्या बाजूने.

अबोली

मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा प्रश्न आहे. बीजिंगला २००८ मध्ये अंजूच्या पात्रता फेरीतल्या तिन्ही उड्या फाउल झाल्या ना? इतक्या अनुभवी खेळाडूचं असं कसं होतं?

सातारी मास्तर

अबोलीताई, हो, तिन्ही फाउल. तिच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पात्रता फेरीचं गणित मात्र सांगतो. पहिली फाउल गेली की दुसरीला माणूस खूण थोडी मागे घेतो. दुसरीही गेली की तिसरीला दोन रस्ते : जपून उडा आणि अंतर कमी पडू द्या, किंवा पूर्ण वेगात जा. एकतिसाव्या वर्षी, दुखऱ्या पायावर, स्पर्धेतलं आपलं स्थान माहीत असताना, ती पूर्ण वेगात गेली असेल तर मी तिला दोष देणार नाही.

पूर्वी पाटीच्या पुढे प्लास्टिसिनची पट्टी असायची. बुटाचा ठसा उमटला की फाउल. आता मोठ्या स्पर्धांत कॅमेऱ्याने बघतात, बुटाचं टोक रेषेच्या उभ्या पातळीपुढे गेलं की संपलं, ठसा उमटो न उमटो. म्हणजे नियम अजून कडक झाला.

दुबईवासी

मास्तर, पाटी काढून टाकून त्या जागी टेक-ऑफचा रुंद पट्टा ठेवायचा आणि जिथून पाय सुटला तिथून मोजायचं, असा विचार जागतिक संघटनेने २०२४ मध्ये मांडला होता. कारण बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत जवळपास एक तृतीयांश उड्या फाउल गेल्या. लांब उडीतल्या ऑलिंपिक विजेत्या कार्ल लुइसने त्याला कडाडून विरोध केला. तुमचं मत?

सातारी मास्तर

माझाही विरोध. अचूकपणा हा या खेळाचा अर्धा भाग आहे. पाटी काढली तर उरते नुसती ताकद आणि वेग.

रानवाट

मीही विरोधात. पुन्हा अंजूकडे येतो, कारण एका मोठ्या विषयावर अजून कुणी लिहिलं नाही. उत्तेजकं.

२००५ च्या सप्टेंबरात मोनाकोला वर्ल्ड ॲथलेटिक्स फायनल झाली. वर्षभरातल्या निवडक आठ जणी. अंजू ६.७५ उडून दुसरी आली, पहिली कोतोवा. आठ वर्षं तो निकाल तसाच राहिला. मग कोतोवाने त्याच वर्षी हेलसिंकीत दिलेला नमुना पुन्हा तपासला, त्यात उत्तेजक सापडलं, आणि त्या तारखेपासूनचे तिचे निकाल रद्द झाले. २०१४ मध्ये अंजूला कळलं की मोनाकोचं सुवर्ण तिचं आहे. तोवर तिची कारकीर्द संपली होती.

त्या नऊ वर्षांत काय काय गेलं याचा विचार करा. मोनाकोच्या मैदानावर वाजायचं राष्ट्रगीत. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पान. 'जागतिक फायनलची विजेती' म्हणून मिळणारी निमंत्रणं, प्रायोजक. ॲथलीटची कमाईची वर्षं मोजकी असतात. ती परत करता येत नाहीत.

आणि अथेन्स. मेरियन जोन्सने २००७ मध्ये कबुली दिली, तिचे सप्टेंबर २००० पासूनचे सगळे निकाल रद्द झाले, आणि अंजू सहावीची पाचवी झाली.

डोंबिवलीकर

हा भाग वाचून संताप येतो. मग अथेन्सचं पदकही मिळायला हवं ना? लेबेदेवा बीजिंगच्या फेरतपासणीत सापडली, तिची २००८ ची दोन्ही रौप्यपदकं काढून घेतली. कोतोवा २००५ च्या नमुन्यात सापडली. त्या दोघी अथेन्सच्या मंचावर होत्या!

आकडेमोड

इथे जपून बोलायला हवं. लेबेदेवा २००८ च्या नमुन्यात सापडली, कोतोवा २००५ च्या. अथेन्समधले त्या दोघींचे निकाल आणि पदकं अधिकृत नोंदीत कायम आहेत. दुसऱ्या वर्षीच्या नमुन्यावरून २००४ चा निकाल लावता येत नाही, आणि तो नियम बरोबर आहे. उद्या तो आपल्या खेळाडूवरही उलटू शकतो.

अथेन्सचे नमुने त्या वेळच्या नियमाने आठ वर्षं ठेवायचे होते. मुदत संपायच्या आत २०१२ मध्ये काही पुन्हा तपासले आणि चार पदकविजेते बाद झाले, त्यात गोळाफेकीचा सुवर्णविजेता युरी बिलोनोगही होता. लांब उडीत काही बदललं नाही. नंतर ही मुदत दहा वर्षांवर नेली. अथेन्सला त्याचा उपयोग नाही.

रानवाट

आकडेमोड, तुमचं नियमाचं म्हणणं मान्य. मी पदक मागत नाही. मी एवढंच म्हणतो की जिच्या स्पर्धकांपैकी तिघींचे निकाल पुढे कुठे ना कुठे उत्तेजकांपायी रद्द झाले, तिच्या पाचव्या क्रमांकाला नुसतं 'पाचवी' म्हणून बाजूला सारू नका.

डॉक्टर कोथरूड

एक वैद्यकीय बाजू राहून गेली. डिसेंबर २०२० मध्ये अंजूने स्वतःच जाहीरपणे लिहिलं की ती एकाच मूत्रपिंडावर जगाच्या वरच्या फळीत पोहोचली, साधी वेदनाशामक गोळीही तिला चालत नव्हती, आणि टेक-ऑफचा पाय निकामी झाल्यासारखा होता. श्रेय तिने प्रशिक्षकाला दिलं.

एक मूत्रपिंड असलेली माणसं सामान्य आयुष्य उत्तम जगतात. असलेलं मूत्रपिंड आकाराने वाढून बरंचसं काम उचलतं. पण उच्च पातळीचा खेळ वेगळा. उन्हात तासन्‌तास सराव करून शरीरातलं पाणी कमी होणं अशा माणसाला जास्त जाचक. दुखापतीवर सर्रास देतात त्या दाहशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, म्हणून आम्ही त्या शक्यतो टाळतो. तिला तर मुळातच ॲलर्जी. म्हणजे बाकीचे खेळाडू घोटा सुजला की गोळी घेऊन उतरतात तिथे ही तशीच उतरत होती. लांब उडीत टेक-ऑफच्या क्षणी एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि सरावात तो रोज येतो.

कारकीर्द सुरू असताना तिने हे कधी पुढे केलं नाही. पॅरिसच्या आधी सांगितलं असतं तर निवडीच्या वेळी काय झालं असतं, हे आपल्याकडची निवडप्रक्रिया बघितलेल्यांना सांगायला नको.

अबोली

डॉक्टर, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

दुबईवासी

केरळबद्दल लिहायला हवं. इथे माझ्या ऑफिसात निम्मे मल्याळी, उडीचा विषय निघाला की त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात. टी. सी. योहानन यांनी १९७४ ला तेहरानच्या आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर मारली, तो राष्ट्रीय विक्रम तीस वर्षं टिकला. १९७८ ला बँकॉकला सुरेश बाबू यांचं सुवर्ण. मर्सी कुट्टन सहा मीटर ओलांडणारी पहिली भारतीय महिला, १९८२ ला दिल्लीत आशियाई रौप्य. मग अंजू. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रजुषा रौप्य, सुवर्ण तीन सेंटिमीटरनी हुकलं. श्रीशंकर पलक्कडचा, वडील तिहेरी उडीवाले. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये त्याची आणि सुवर्णविजेत्या लाक्वान नेर्नची उडी सारखीच, ८.०८. दुसऱ्या क्रमांकाच्या उडीवर निकाल लागला. आन्सी सोजन हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत ६.६३ वर रौप्य.

तिकडे हा खेळ शाळेपासून आहे. कोरुथोडसारख्या डोंगरातल्या गावच्या शाळेचं नाव राष्ट्रीय स्पर्धांत घेतलं जायचं. आपल्याकडे अविनाश साबळे झाला, देवगावचा सर्वेश कुशारे उंच उडीत जगाच्या अंतिम फेरीत गेला, पण लांब उडीत असं कोण?

सातारी मास्तर

जागेपासून सुरुवात आहे, दादा. मी ज्या शाळेत आधी होतो तिथला खड्डा भरून दुचाक्यांसाठी शेड केली. आताच्या शाळेत खड्डा आहे, पण वाळू महाग झाल्यापासून ग्रामपंचायतीकडे हात पसरावे लागतात. पावसाळ्यानंतर वाळू दगडासारखी बसते, फावड्याने उकरून, चाळून, पाणी मारून मग पोरींना उतरवायचं. हे काम कुणी तरी रोज करायला हवं.

डोंबिवलीकर

मास्तर, आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटातून वाळूची सोय करता येईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आणि रानवाट, डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्यावरही मी पॅरिसच म्हणेन. आता तर जास्तच ठामपणे. अशा शरीरावर त्या दिवशी तिसरी येणं!

रानवाट

तुमचा हट्ट मोडणार नाही.

निवृत्तीनंतरचं लिहायचं राहिलं. अंजू आणि बॉबीने बंगळुरूत अकादमी काढली. झाशीची शैली सिंग तिथलीच. आई शिवणकाम करून घर चालवायची, बॉबीने मुलीला चौदाव्या वर्षाच्या आसपास हेरलं आणि बंगळुरूला आणलं. २०२१ ला नैरोबीच्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत शैलीची उडी ६.५९, स्वीडनच्या माया ओस्कागची ६.६०. एक सेंटिमीटर! २०२३ ला शैली ६.७६ पर्यंत गेली. याच कामासाठी जागतिक ॲथलेटिक्सने २०२१ मध्ये अंजूला 'वुमन ऑफ द इयर' पुरस्कार दिला. तो मला तिच्या पद्मश्री आणि खेलरत्नाइतकाच मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे मोठे खेळाडू निवृत्तीनंतर समित्यांवर जातात, मैदानावर परत फार थोडे येतात. अंजू भारतीय ॲथलेटिक्स महासंघाची उपाध्यक्ष झाली, पण अकादमी सोडली नाही.

अबोली

मास्तर, शेवटचा प्रश्न. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तालुक्याला लांब उडीत पहिली आली. क्लासवाले म्हणतात आता बाकी सगळं बंद करून फक्त लांब उडी. काय करू?

सातारी मास्तर

ताई, बंद करू नका. अंजूचंच बघा, हेप्टॅथलॉनमधून आली. तेराव्या वर्षी हाडं वाढत असतात, रोज पूर्ण रन-अपच्या उड्या मारायला लावल्या तर गुडघा आणि टाच धरतात. तिला धावू द्या, अडथळे करू द्या, उंच उडी, दोरी, खो-खोसुद्धा चालेल, खो-खोत दिशा बदलताना पायाला चांगली चपळाई येते. पूर्ण रन-अपच्या उड्या आठवड्यातून दोनच दिवस, बाकीचे दिवस सहा-आठ पावलांच्या छोट्या रन-अपवर. बूट टाचेला गादी असलेले घ्या, स्पाइक्सची घाई नको. आणि क्लासला जाल तेव्हा आधी खड्ड्यात स्वतः हात घालून बघा. कोपरापर्यंत हात सहज गेला पाहिजे. वाळू घट्ट असेल किंवा खडे लागले, तर त्या दिवशी पोरीला उडी मारू देऊ नका.